जात्यावरची मोटार

मोटार उचलायचा जॅक कसा निवडावा, हे मला विचारा. अंबरनाथ ते बदलापूर या पट्ट्यात या विषयावर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा दुसरा माणूस तुम्हाला मिळायचा नाही. जॅक बसका हवा की उंच, त्याचं बूड केवढं हवं, तो कुठल्या जमिनीवर टेकवावा, आणि मुख्य म्हणजे मोटार एकदा वर गेली की तिच्याखाली काय ठेवू नये, हे मी झोपेतून उठवलंत तरी सांगेन. लोकांना वाटतं, मी कारखान्यात स्टोअर्सचा ऑफिसर आहे म्हणून मला हे येतं. तसं काही नाही. हे सगळं मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात शिकलो, आणि ज्याला शिकायची हौस असेल त्याने दुसरा कुठलाही मुहूर्त पाहावा असा माझा सल्ला आहे.

आधी मोटारीबद्दल सांगतो. लढाई संपली, कल्याणच्या छावणीतलं लष्कर गेलं, त्या बराकींत सिंधी मंडळी येऊन राहिली, छावणीचं उल्हासनगर झालं. लष्कराने मागे टाकलेल्या वस्तू मात्र कुठल्या ना कुठल्या वाटेने आसपासच्या घरांत शिरल्या. कोणाकडे मच्छरदाणी गेली, कोणाकडे तंबूचं कापड. माझ्याकडे मोटार आली. कुठल्याशा मेजरची होती म्हणे. रंग शेवाळी हिरवा, अंग जाडजूड, आणि दरवाजाबाहेर एक रबरी फुग्याचा पितळी भोंगा. मोटार सुरू व्हायची तेव्हा व्हायची, पण भोंगा कधीही वाजायचा.

या भोंग्यावर माझी धाकटी बहीण मीनल फिदा होती. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच वाढली. पोरीने कधी काही मागितलं नाही. दोन साड्यांतून एक निवड म्हटलं तर वहिनीला जी नको असेल ती उचलायची. लग्न ठरल्यावर मात्र एक दिवस ती मला म्हणाली, "दादा, आपल्या घरातल्या सगळ्या मुली बैलगाडीतून रडत सासरी गेल्या. मला मोटारीतून जायचंय. भोंगा वाजवत."

मी म्हटलं, जाशील. साखरपुड्याला बदलापूरहून तिचे होणारे सासरे, दौलतराव, आले होते. त्यांची भाताची गिरणी होती आणि घरात रीतिरिवाज कडक. मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. मी त्यांच्यादेखत, सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं की नवरदेव अंबरनाथ स्टेशनवरून मोटारीने मांडवात येईल आणि नवरीला घेऊन मोटारीनेच बदलापूरला जाईल. दौलतरावांनी एकदाच मान हलवली. त्यांच्याकडे मान हलवली म्हणजे करार झाला, असं नंतर कळलं.

आता अडचण एवढीच होती की मोटारीची मागची दोन्ही चाकं टेकीला आली होती. टायर पार गुळगुळीत. ती काढून उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये नवं रबर चढवायला द्यायची होती. लग्नाला अवकाश होता. म्हणजे काम सोपं होतं. मोटार उचलायची, चाकं काढायची, चाकं परत येईपर्यंत मोटार कशावर तरी टेकवून ठेवायची. उचलायला लागतो जॅक आणि टेकवायला लागतात लोखंडी तिकाटणी, ज्यांना मेकॅनिक लोक घोडी म्हणतात. हे दोन्ही मी रविवारी सकाळी आणतो असं सांगून मी घरातून निघालो. बायकोने, म्हणजे सुनंदाने, येताना नारळ आणायला सांगितले. ते मी विसरलो, पण तो या गोष्टीचा भाग नाही. आजही ऐकवते, म्हणून सांगितलं.

कॅम्प तीनच्या बाजारात टेकचंदचं दुकान म्हणजे बराकीचा एक तुकडा आणि त्यात लष्कराचा सगळा उरलासुरला संसार. शिरस्त्राणं, किटल्या, दोऱ्या, फक्त डाव्या पायाचे बूट. टेकचंद कधी कशाला नाही म्हणत नसे. तुम्ही हत्ती मागितलात तर तो रंग कुठला हवा म्हणून विचारेल.

त्याने माझ्यासमोर दोन जॅक ठेवले. एक लहान, बसका, मांडी घालून बसल्यासारखा. दुसरा माझ्या गुडघ्याएवढा उंच, काळाकभिन्न. मी लहान जॅककडे पाहिलंही नाही. स्टोअर्समध्ये इतकी वर्षं काढल्यावर माणसाला वस्तू हातात घेतली की कळते. मोठा जॅक मला उचलवेना, तेव्हाच तो चांगला हे मला कळलं.

"साईं, इससे टँक उठता था, टँक," टेकचंद म्हणाला. "आपकी गाडी को तो पता भी नहीं चलेगा."

घोडी मात्र त्याच्याकडे नव्हती. त्याचा माल येणार होता. कधी, असं विचारल्यावर तो परसों म्हणाला. त्याचं परसों म्हणजे कधीही उगवणारा दिवस, हे मला माहीत होतं, पण मी जॅकच्या आनंदात होतो. टांग्यात जॅक चढवला तेव्हा टांगेवाल्याने घोड्याकडे पाहिलं आणि घोड्याने माझ्याकडे.

घरी माझा मित्र मधू येऊन बसला होता. मधू आमच्याच कारखान्यात हिशेबखात्यात आहे. स्वतःकडे सायकलही नसलेल्या माणसाला मोटारीबद्दल जेवढं माहीत असतं तेवढं सगळं त्याला माहीत होतं. आम्ही दोघांनी जॅक ओढत अंगणात नेला आणि मोटारीच्या मागे उभा केला.

जॅक मोटारीखाली जाईना. मोटार बसकी, त्यात मागची चाकं हवा गेलेली. जॅकचं डोकं मागच्या दांड्याच्या वर येत होतं. आडवा घालून पाहिला, तिरका घालून पाहिला, दोन्ही बाजूंनी पाहिला. मधू बराच वेळ विचार करून म्हणाला, मोटार थोडी उचल, म्हणजे जॅक आत जाईल. मी त्याला विचारलं, मोटार उचलता आली असती तर मी हे धूड कशाला आणलं असतं? तो म्हणाला, हो, तेही खरंच.

मग आम्ही खड्डा खणला. जॅक उंच आहे ना, मग जमीन खाली घ्यायची. कल्पना माझीच, आणि अजूनही मला ती चुकीची वाटत नाही. खड्ड्यात जॅक मापात बसला. मी दांडा फिरवू लागलो. मधू जमिनीला गाल लावून पाहत होता. दांडा फिरत होता, जॅक लांब होत होता, मोटार मात्र जिथल्या तिथे.

"गुरुदत्त, तू थांब," मधू म्हणाला. "जॅक खाली चाललाय."

खरंच खाली चालला होता. आदल्याच आठवड्यात मांडवासाठी अंगणात नवी माती टाकून सारवलं होतं. टँक उचलणारा तो जॅक मोटारीला काही न करता स्वतःच जमिनीत शिरत होता. त्याच्या बुडाखाली काहीतरी रुंद हवं, हे मला तत्काळ समजलं. मी घरात गेलो आणि हाताला लागला तो पाट घेऊन आलो. तो मीनलच्या लग्नातल्या हळदीच्या न्हाणासाठी मुद्दाम करून आणलेला सागवानी पाट होता. ते मला सुनंदाने सांगितलं. सांगितलं तेव्हा त्याचे दोन पाट झाले होते.

सुनंदा ओरडत नाही. ती फक्त वस्तू उचलून नीट ठेवते आणि तेवढ्यात आपला जीव अर्धा होतो. तिने पाटाचे दोन्ही तुकडे उचलले, धूळ झटकली आणि आत नेले. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो आणि तिथे मला पाटा दिसला. चटणी वाटायचा. दगडी, सपाट, रुंद. मी तिला काही विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

पाटा खाली, त्यावर जॅक, आणि मोटार वर गेली. खरोखर गेली. मागचा भाग असा डौलात उचलला गेला की मीनल ओटीवरून टाळ्या वाजवायला लागली. तिला टाळ्या वाजवताना पाहून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, हे मान्य करतो.

आता प्रश्न घोडीचा. नुसत्या जॅकवर मोटार ठेवू नये, असं मधूने कुठेतरी वाचलं होतं. विटा ठेवून पाहिल्या, त्यांचा भुगा झाला. आणि मग माझ्या मनात सरळ विचार आला. जिथे लाकूड मोडलं, विटा मोडल्या, तिथे पाटा टिकला. म्हणजे या घरात मोटारीचं वजन घेणारी वस्तू एकच, स्वयंपाकघरातला दगड. आमच्याकडे एक आजीच्या वेळचं दगडी उखळ होतं आणि एक भलंमोठं जातं. डावीकडे उखळ पालथं घातलं. उजवीकडे जातं ठेवलं आणि उंची सारखी करायला त्यावर फुटक्या पाटाचा एक तुकडा घातला. जात्याचा खुंटा मध्ये येत होता, तो काढून पुढच्या चाकाखाली अडसर म्हणून ठोकला. जॅक हळूहळू उतरवला. मोटार उखळावर आणि जात्यावर टेकली आणि हललीसुद्धा नाही. विलायतेत तरी याहून चांगली घोडी असेल का, असं मी मधूला विचारलं. तो नाही म्हणाला.

सुनंदाने दारात उभं राहून एकच गोष्ट सांगितली, की घाण्याला उखळ आणि जातं लागेल. घाणा म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, लग्नाआधी सवाष्णी उखळाची नि जात्याची पूजा करतात, त्यांना आंब्याची पानं बांधतात, मुसळाने हळकुंडं कांडतात, हळद दळतात, गाणी म्हणतात. आमच्याकडे घाणा आणि देवक, म्हणजे कुळाच्या खुणेची स्थापना, लग्नाच्या आदल्या दिवशी असतं. मी म्हटलं, त्याच्या आत धुऊन पुसून परत देतो. तिने मान हलवली. दौलतरावांसारखी.

दुसऱ्या दिवशी चाकं रबर चढवायला गेली आणि मी जॅक घेऊन पुन्हा टेकचंदकडे गेलो. म्हटलं, हा टँकवाल्यांना दे, मला तो लहान बसका हवा. लहान जॅक दरम्यान विकला गेला होता. पण तसाच दुसरा, घोड्यांसकट, परसों येणार होता, आणि जुना आत्ता परत दिला तरच बदलून मिळणार होता. मी जुना देऊन आलो. मोटार वर गेली होती, म्हणजे जॅकचं काम झालं होतं. मोटार खाली आणायलाही जॅक लागतो, हे मला सुचलं नाही, मधूला सुचलं नाही. टेकचंदला सुचलं असावं, पण त्याने विषय काढला नाही.

हे सुचलं ते घरी आल्यावर, सुनंदाने विचारलं तेव्हा. तेव्हापासून मी रोज कारखान्यातून सुटलो की कॅम्प तीनला जायचो आणि टेकचंद मला रोज चहा पाजून परसों सांगायचा. आमच्या स्टोअर्समध्ये जॅक होते, नाही असं नाही. पण दुसऱ्यांना एक खिळा घरी नेऊ न देणाऱ्या माणसाने स्वतः जॅक घरी न्यायचा, हे माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं. दरम्यान मांडववाले आले. मोटार हलत नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्यासकट मांडव घातला. मुरबाडहून कौसाआत्या आली. कौसाआत्या म्हणजे आमच्या घराण्यातल्या रिवाजांची शेवटची कचेरी. तिच्यापुढे दाद मागायला जागा नाही.

आणि माल आला! खरंच आला. घाण्याला अजून एक दिवस होता. मी अर्धी रजा टाकून गेलो आणि जॅक निवडला. या वेळी शहाण्यासारखा निवडला. सोबत मापाची दोरी नेली होती. उंची पाहिली, बूड पाहिलं, दांडा फिरवून पाहिला, घोड्या जमिनीवर ठेवून त्यांच्यावर स्वतः उभा राहिलो. तसा जॅक आणि तशा घोड्या आजही कोणी मला दाखवाव्यात. टांग्यात बसून मी चक्क शीळ घालत घरी आलो.

फाटकाशीच बायकांची गाणी ऐकू आली. मला वाटलं, सराव चालला असेल.

मांडवात शिरलो आणि माझ्या हातातली घोडी पायावर पडता पडता राहिली. मोटारीच्या मागच्या बाजूला सगळ्या सवाष्णी दाटीवाटीने जमिनीवर बसल्या होत्या. काही जणी मोटारीखाली वाकून अर्ध्या आत गेल्या होत्या. उखळाला आंब्याची पानं बांधलेली, जात्याला हळदीचं सूत गुंडाळलेलं, दोघांवर हळदकुंकू, अक्षता, फुलं. पालथ्या उखळात कांडता येईना म्हणून त्याच्या बुडाला मुसळ टेकवत होत्या. मोटारीखालचं जातं फिरेना म्हणून त्याच्यावरून नुसता हात फिरवत होत्या आणि गाणं मात्र दळणाचंच चाललं होतं. मोटारीच्या मागच्या पत्र्यावरही कोणीतरी ठसठशीत कुंकू लावलं होतं.

भटजींना दुसऱ्या दिवशी कुळगावात दुसरं लग्न निघालं, म्हणून त्यांनी घाणा आणि देवक आजच उरकून घ्या म्हटलं होतं. मुहूर्त दुपारचा. मी बाजारात. बायकांनी जातं ओढून पाहिलं, मोटारीपुढे काही चाललं नाही. तेव्हा कौसाआत्याने निर्णय दिला की जातं जिथे आहे तिथे घाणा.

मी जॅक खाली ठेवला आणि तिला अगदी गोडीने समजावलं. म्हटलं, आत्या, आता झालं ना सगळं. मी मोटार बोटभर उचलतो, या घोड्या आत सरकवतो, उखळ नि जातं बाहेर काढतो. बांधलेलं सूत सुटणार नाही, पान हलणार नाही.

"बांधलेलं जागचं हलवायचं नाही," कौसाआत्या म्हणाली. "देवक उठलं की सुटेल."

"देवक तर लग्न झाल्यावर उठणार."

"मग तेव्हा सुटेल."

"आत्या, मीनलला मोटारीतून जायचंय."

"तुझ्या आजीने हेच जातं बांधून माझं लग्न केलं. तुला ते मोटारीखाली घालायला कोणी सांगितलं होतं?"

मी सुनंदाकडे पाहिलं तर ती खुंटा शोधत होती. मी तो पुढच्या चाकाखालून काढून तिला दिला. मला राग कोणाचा यावा हेच कळेना. भटजींचा आला, टेकचंदचा आला, त्या मेजरचाही आला. हवा तसा जॅक, हव्या तशा घोड्या, सगळं माझ्या पायाशी होतं आणि मला त्याला हात लावायची सोय नव्हती.

संध्याकाळी चाकंही आली. नवंकोरं रबर. चाकं बसवण्याला आत्याची हरकत नव्हती, ती मी बसवली आणि मोटार सुरू करून पाहिली. कधी नव्हे ती पहिल्या फटक्याला सुरू झाली. मागची चाकं जमिनीपासून वीतभर वर, हवेत, गरगर फिरत राहिली. मोटार जागच्या जागी बदलापूरला निघाली होती. मी ती बंद केली.

मीनल हातांना मेंदी लावून बसली होती. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, तू एकदा आत्याला सांग, तुझं ती ऐकेल. 

"राहू दे दादा," ती म्हणाली. "उद्या काही कमीजास्त झालं तर म्हणतील, जातं हलवलं म्हणून."

तिने भोंग्याचं नाव काढलं नाही. तिने दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. तिने नेहमीसारखी नको असलेली साडी उचलली, आणि मला फार लागलं.

लग्नाच्या दिवशी मी स्टेशनवर गेलो तो बारकूची बैलगाडी घेऊन. बारकू बारवीकडच्या वाडीतला, आमच्याकडे दर वर्षी तांदूळ घालायचा. गाडी सजवली होती, बैलांच्या शिंगांना रंग दिला होता, पण बैल ते बैलच. बारकू रस्ताभर मला विचारत होता, "मोटार कंच्या वक्ताला येनार, दादा? माजं बैल बुजतात भोंग्याला, म्हनून इचारतो." मी त्याला पुढे बघ म्हटलं.

दौलतराव मुलाला, कमळाकरला, घेऊन उतरले. मागे पन्नासेक वऱ्हाडी. त्यांनी बैलगाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बैलगाडीकडे पाहिलं.

"मोटार म्हणाला होतात," ते म्हणाले.

मी म्हटलं, मोटार घरी आहे, काही कारणाने हलवता येत नाही, मांडवात चला, मग सांगतो. ते गाडीत बसले.  वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली होती की मोटार मुळात आहे तरी का. एक म्हातारे गृहस्थ तर परतीची गाडी कधी आहे म्हणून विचारत होते. मीनल घरी नटून बसली असेल आणि इथे तिचा भाऊ थापाड्या ठरत होता. 

मांडवाच्या दारात पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. दौलतराव आत आले आणि समोर मोटार पाहून थांबले. दोन दिवस घरात आलेल्या प्रत्येक सवाष्णीने जाता येता जात्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि वाकायचा कंटाळा आला की मोटारीलाच वाहिलं होतं. मागचा सगळा भाग लालपिवळा झाला होता. वर झेंडूची माळ, टपावर नारळ. भटजींनी देवकाचा कलशही नेमका तिच्याशेजारी मांडला होता.

दौलतराव हळूहळू जवळ गेले. खाली वाकून त्यांनी जातं पाहिलं, उखळ पाहिलं, चाकं जमिनीला लागत नाहीत हे पाहिलं. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"तुमचं देवक मोटार आहे होय?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. "आधी बोलायचं ना. माझ्या मामांचं देवक तलवार. तिला कोणी हात लावत नाही. तुमचं घराणं लष्करातलं दिसतं."

मोटारीचा रंग शेवाळी हिरवा होता, हे तुमच्या ध्यानात असेल. मी सुनंदाकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मी कौसाआत्याकडे पाहिलं. ती पाहुण्यांना गूळपाणी देत राहिली. मग मी दौलतरावांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्यांच्याचकडून शिकलो होतो.

दौलतरावांनी हात जोडले. कमळाकरने हात जोडले. मग सगळं वऱ्हाड रांगेने मोटारीच्या पाया पडलं. परतीची गाडी विचारणाऱ्या म्हाताऱ्यांनी तर प्रदक्षिणा घातली. असल्या घराण्याची मुलगी मिळाली म्हणून व्याही मंडळींनी नंतर कशालाच नाव ठेवलं नाही. आमटी खारट झाली होती, तीही वाखाणली.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. बारकूने गाडी जुंपली. मीनल सगळ्यांच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडून रडली, गाडीशी गेली, आणि एकदम मागे वळून सासऱ्यांना हळूच म्हणाली, "देवकाच्या पाया पडून येऊ का?"

दौलतराव भारावून गेले. जा म्हणाले. ती मोटारीपाशी आली, वाकून नमस्कार केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दरवाजाबाहेरचा रबरी फुगा दोन्ही हातांनी दाबला. भोंगा असा काही वाजला की बारकूचे बैल गाडीसकट फाटकापर्यंत गेले. तिने पुन्हा दाबला. रडं आणि हसू एकदमच बाहेर पडलं तिचं. माझंही. दौलतराव शेजारच्याला सांगत होते, सून देवभोळी आहे.

देवक उठल्यावर मी तो नवा जॅक लावला. मोटार लोण्यासारखी वर गेली. घोड्या सरकवल्या, उखळ नि जातं काढलं, धुऊन पुसून सुनंदाला दिलं. सगळं व्हायला तिचा चहा उकळेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

पुढे दिवाळसण आला. मी झोकात मोटार घेऊन बहिणीला नि मेव्हण्याला आणायला बदलापूरला गेलो. म्हटलं, लग्नात राहिलं ते आता. मोटार दारात उभी राहिल्याबरोबर घरातली सगळी माणसं बाहेर आली आणि वहाणा काढून उभी राहिली. मी दरवाजा उघडून कमळाकरला या म्हटलं. तो दोन पावलं मागे सरला.

"देवकात बसायचं?" दौलतराव म्हणाले. "भलतंच. आमच्याकडे हे चालायचं नाही. सुनेनेही आता बसायचं नाही."

त्या क्षणी खरं सांगून टाकावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मीनलने डोळ्यांनी नको म्हटलं. प्रदक्षिणा घातलेले म्हातारे तिथेच ओटीवर बसले होते. त्यांना आता काय सांगणार?

शेवटी दौलतरावांनी गाडी जुंपायला लावली. मोटार पुढे, कारण देवक पुढे असावं लागतं, आणि मागे बैलगाडीत बहीण-मेव्हणा. मी एकटाच मोटारीत. पुढे गेलो तर देवक टाकून गेलं असं होईल, म्हणून बैलांच्या पावलांनी चालवत होतो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मध्येच आरशात पाहिलं, तर मीनल डोक्यावरचा पदर सावरत मला हाताने खूण करत होती. भोंगा. मी वाजवला. कमळाकरने गाडीतूनच हात जोडले.

त्यानंतर प्रत्येक सणाला हे असंच चालतं. तो जॅक मात्र आज कोणालाही दाखवायला मी तयार आहे. अगदी नवाकोरा आहे. पुन्हा लावायची वेळच आली नाही, कारण बैलगाडीच्या वेगाने मोटार चालवली की टायर अजिबात झिजत नाहीत.